तापमानाचे स्वरलेखन

पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे, हे दाखविण्यासाठी शास्त्रज्ञ आलेख काढतात. आलेख अचूक असतो; परंतु तो वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. स्वर चढला की उतरला, हे मात्र गाणे न शिकलेल्यालाही कळते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २०१३ साली झालेला एक प्रयोग नेमका याच गोष्टीवर आधारलेला होता.

तेथील विद्यार्थी डॅनियल क्रॉफर्ड चेलो वाजवीत असे. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, खर्जाच्या आवाजाचे वाद्य होय. भूगोलाचे प्राध्यापक स्कॉट सेंट जॉर्ज यांच्या साहाय्याने त्याने ‘नासा’ने संकलित केलेल्या १८८० ते २०१२ या १३३ वर्षांच्या तापमानांतून प्रत्येक वर्षाला एक स्वर दिला. सर्वांत थंड वर्ष १९०९. त्या वर्षीचे तापमान १९५१ ते १९८० या काळाच्या सरासरीहून ०.४७ अंश सेल्सिअसने कमी होते. त्याला चेलोचा सर्वांत खालचा स्वर मिळाला. तेथून सुमारे ०.०३ अंश वाढ झाली, की एक अर्धस्वर वर जावयाचे.

आपल्या पेटीवर हा हिशेब सहज मांडता येतो. अगदी डावीकडची पट्टी म्हणजे १९०९ साल मानले, तर २०१२ पर्यंतची सारी वर्षे तीन सप्तकांत, म्हणजे ३६ पट्ट्यांच्या चढात बसतात. २०२४ हे आजवर नोंदलेले सर्वांत उष्ण वर्ष. ‘नासा’च्या गणनेप्रमाणे ते त्याच सरासरीहून १.२८ अंशांनी वर होते. त्याचा स्वर अठ्ठावन्न पट्ट्या उजवीकडे जातो. साडेतीन सप्तकांच्या पेटीवर तो नाहीच!

आणखी १.८ अंश वाढ झाल्यास स्वर मानवी श्रवणापलीकडे जातील, असा इशारा या रचनेबरोबर देण्यात आला होता. १.८ अंश म्हणजे साठ अर्धस्वर, पाच सप्तके. दर सप्तकाला कंपनसंख्या दुप्पट होते. तेव्हा रचनेच्या वरच्या टोकाची सेकंदाला सुमारे ५२० कंपने १६ हजारांवर पोहोचतात. इतका उंच स्वर बहुतेक प्रौढांना ऐकू येत नाही.

मात्र ०.०३ अंश हे माप निसर्गाचे नव्हे, रचनाकाराचे आहे. ०.३ अंशाला एक अर्धस्वर दिला असता, तर हीच आकडेवारी चार पट्ट्यांत आटोपली असती आणि श्रोता निश्चिंतपणे उठून गेला असता. म्हणून वादनापूर्वी माप सांगणे आवश्यक ठरते. तसेच तापमान का वाढते, कोळसा व खनिज तेल जाळण्याचा त्याच्याशी संबंध काय, हे स्वर सांगू शकत नाहीत. ते शब्दांनीच सांगावे लागते.

२०१५ साली याच दोघांनी चार वाद्यांची रचना सिद्ध केली. तीत उत्तर गोलार्धाचे चार पट्टे आहेत : विषुववृत्तीय प्रदेश चेलोकडे, मध्य अक्षांश व्हायोलाकडे, उच्च अक्षांश एका व्हायोलिनकडे आणि आर्क्टिक प्रदेश दुसऱ्याकडे. एकाच वेळी वाजणाऱ्या या चार वाद्यांत शेवटी सर्वांत वेगाने चढते ते आर्क्टिकचे व्हायोलिन.