म्यूटूला नको, किर्लियाला गाठा

३० ऑक्टोबर २०२४ रोजी ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ हा पत्त्यांचा खेळ फोनवर आला. महिनाभरातच सावेडीतल्या आमच्या टोळक्यात एकच तक्रार ऐकू येऊ लागली. समोर बसणारा प्रत्येकजण म्यूटूचंच पान घेऊन येतो, मग खेळायचं तरी कशाला? तेव्हा हा खेळ सोडून गेलेली दोन चांगली पोरं मला आजही आठवतात. वरचढ डेक अन्यायानं जिंकतो असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांच्यासारखी निराशा नव्यानं येणाऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मेंढीकोटात पानं वाटून मिळतात. इथे प्रत्येकजण आपली २० पानं, म्हणजे आपला डेक, आधीच निवडून आणतो आणि एका नावाची जास्तीत जास्त दोनच ठेवता येतात. प्रतिस्पर्ध्याचा पोकेमॉन पाडला की एक गुण, ‘ईएक्स’ जातीचा पाडला की दोन. आधी तीन गुण करेल तो जिंकला. निवड आपल्या हातात असल्यामुळे एखादी जुळणी सरस ठरली की सगळे तीच उचलतात. सुरुवातीच्या ‘जेनेटिक अपेक्स’ संचात पिकाचू ईएक्स होता, मिस्टीच्या नाणेफेकीवर धावणारे पाण्याचे डेक होते, पण आमच्याकडे धास्ती होती ती म्यूटू ईएक्स आणि गार्डेव्होर या जोडीची.

धास्ती उगाच नव्हती. म्यूटूची ताकद १५० एचपी, म्हणजे तेवढं डॅमेज झाल्यावरच तो पडतो, आणि त्याचा सायड्राइव्ह एका फटक्यात १५० डॅमेज करतो. हल्ल्यासाठी पोकेमॉनवर एनर्जी लावावी लागते; हा हल्ला चार एनर्जी मागतो आणि मारल्यावर त्यातल्या दोन गळून पडतात. एका टर्नला एकच एनर्जी लावता येत असल्यानं एकटा म्यूटू एक टर्न सोडून एकदाच असा फटका मारू शकतो. गार्डेव्होर बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, बसली की ती दर टर्नला पुढे लढणाऱ्या पोकेमॉनला आणखी एक एनर्जी देते. गळलेल्या दोन लगेच भरून निघतात आणि प्रत्येक टर्नला १५०.

आम्ही सगळे म्यूटूला पाडायच्या खटपटीत होतो. मी मग ठरवून तोच डेक बांधला आणि काही दिवस दुसरं काही खेळलो नाही. माझा पहिला आग्रह हाच आहे: जो डेक तुम्हाला छळतो तो आधी स्वतःच्या हातानं खेळा. समोरून तो अभेद्य दिसतो, हातात आल्यावर त्याची सगळी भीती कळते. मला कळली ती किर्लियाची. राल्ट्सवर किर्लिया आणि किर्लियावर गार्डेव्होर, या दोन पायऱ्या चढाव्याच लागतात. पोके बॉल फक्त बेसिक पोकेमॉन काढून देतो; किर्लिया मात्र आपणहूनच हाती यावी लागते, आणि डेकमध्ये तिची पानं दोनच. सुरुवातीची पाच आणि पुढच्या तीन टर्नची तीन, अशी आठ पानं पाहिल्यावरही त्यात किर्लिया नसण्याची शक्यता ढोबळमानानं तीनांत एक पडते. प्रोफेसर्स रिसर्चनं दोन जादा पानं ओढली तर ती कमी होते, पण संपत नाही.

तेव्हा फटका म्यूटूवर वाया घालवू नका. राल्ट्सचे एचपी ६०, किर्लियाचे ८०. सब्रिना हे कार्ड खेळलं की समोरच्याला पुढचा पोकेमॉन मागे घ्यावा लागतो. त्याच्या जागी कोण येणार हे मात्र तोच ठरवतो. म्हणून बेंचवर एकटी राल्ट्स असताना सब्रिना टाका, तिसरा पोकेमॉन येऊन बसण्याआधी. नवखे खेळाडू ती शेवटासाठी राखून ठेवतात आणि तोवर समोरच्याकडे पर्याय झालेले असतात.

उशीर झाला आणि गार्डेव्होर बसलीच, तरी एक डाव शिल्लक असतो आणि तो मला फार आवडतो. म्यूटूनं नुकताच सायड्राइव्ह मारलाय, त्याच्यावर दोनच एनर्जी उरल्यात आणि बेंचवर फक्त गार्डेव्होर आहे. आता सब्रिना टाका. गार्डेव्होर पुढे येते. तिला मागे न्यायला दोन एनर्जी लागतात, म्हणजे त्या टर्नची हातची एक आणि तिनं दिलेली एक, दोन्ही तिथेच खर्च होतात. म्यूटू परत येतो तो दोन एनर्जीवर, आणि दोनात त्याचा छोटा हल्ला होतो, ५० चा. समोरच्याकडे एक्स स्पीडची दोन्ही कार्डं असतील तर हा डाव फसतो. पण तुम्हाला पूर्ण एक टर्न मिळण्याची शक्यता चांगली असते आणि या खेळात एक टर्न म्हणजे पुष्कळ.

म्यूटू, राल्ट्स, किर्लिया, गार्डेव्होर या सगळ्यांना डार्कनेस जातीचा हल्ला २० नं जास्त लागतो. वीझिंगचा ५० चा फटका त्यांच्यावर ७० होतो, वर विषाचे १०. पुढे आलेली किर्लिया त्यात बरोबर संपते. हे लक्षात आल्यावर आमच्यातल्या एकानं सगळा डेक म्यूटूवर नेम धरून बांधला. म्यूटू त्याच्यापुढे टिकेना. पण पिकाचू समोर आला की तो एकापाठोपाठ एक डाव घालवायचा, कारण दोन एनर्जीत ९० मारणाऱ्यापुढे त्याची कार्डं उभी राहायला फार वेळ घेत. समोर दहा जण बसले तर दहाही म्यूटू नसतात. काट म्हणून दोन-तीन जागा द्या, बाकीचा डेक आपल्या पायावर चालला पाहिजे. अनुभवातून सांगतो, कोणाशीही बऱ्यापैकी लढणारा डेकच शेवटी जास्त जिंकतो.

आणि वरचढपणा टिकत नाही. १७ डिसेंबर २०२४ ला ‘मिथिकल आयलंड’ आला आणि त्यातल्या म्यू ईएक्सनं समोरच्याचाच हल्ला उचलून मारायला सुरुवात केली. तीन एनर्जीत म्यूटूचा सायड्राइव्ह म्यूटूवरच. ३० जानेवारी २०२५ च्या संचानं डार्कराय ईएक्स आणला आणि सायरसही, जो बेंचवरचा जखमी पोकेमॉन आपल्या पसंतीनं पुढे ओढतो. कागदी पत्त्यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये तर कॉ-ब्लेड या डेकचा जोर इतका झाला, की कंपनीनं १ जुलै २०११ पासून त्यातली जेस आणि स्टोनफोर्ज मिस्टिक ही दोन कार्डं ‘स्टँडर्ड’ प्रकारात बंद केली.

म्हणूनच खर्चाबद्दल कळकळीनं सांगतो. केडगावला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं दुसरा म्यूटू मिळावा म्हणून वडिलांच्या फोनवरून पॅकमागून पॅक घेतले. “मामा, अजून एकच,” असं म्हणत बरेच पैसे गेले आणि नवा संच येताच त्याचं त्या कार्डावरचं मन उडालं. एक पॅक उघडला की पाच पॅक पॉइंट मिळतात, आणि साधं ईएक्स कार्ड ५०० पॉइंटांना हमखास घेता येतं, म्हणजे १०० पॅक. दिवसाला दोन पॅक फुकट मिळतात. पैसे न घालता पन्नास दिवस होतात आणि तोवर वीझिंग, सब्रिना यांसारख्या सहज मिळणाऱ्या कार्डांवर उत्तम खेळता येतं. आई-वडिलांनी फोनच्या स्टोअरमधल्या खरेदीला पासवर्ड लावावा, आणि मुलानं कार्ड मागितलं तर रागावण्याआधी त्याच्यासोबत एक खासगी सामना खेळून पाहावा. ते कार्ड त्याच्या डेकमध्ये नेमकं काय करणार आहे, हे त्याला समजावून सांगू द्यावं.