रुईवरील सुरवंट

चैत्रात अमडापूरच्या माळावर गवत करपते, रुई मात्र हिरवीगार फुलते. मुलांसमवेत आम्ही तेथे गेलो असता तिच्या पानांवर पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट आढळले. मारुतीस वाहण्याकरिता ही पाने पुष्कळ जण तोडतात. पण तिचा चीक विषारी असून डोळ्यांत गेल्यास दृष्टीस गंभीर इजा पोहोचते, हे पालकांनी मुलांस बजावावे. सुरवंटाची युक्ती पाहा! तो आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडितो, मगच पान खातो. तरी विषाचा काही अंश त्याच्या अंगी मुरतो व नारिंगी फुलपाखरू झाल्यावरही टिकतो. एकदा तो कडवटपणा चाखलेला पक्षी सहसा पुन्हा वाटेस जात नाही. दुसऱ्या एका जातीची निर्विष मादी तर हुबेहूब हाच वेष घेऊन फुकटात बचावते.