पहिला डोस किती? – प्रायोगिक औषधांविषयी थोडेसे

कर्करोगावरची नवी औषधे तयार करण्याच्या कामात माझी तीसएक वर्षे गेली. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला कोणीतरी मला हळूच बाजूला घेऊन विचारतेच, "हॉस्पिटलवाले चाचणीत भाग घ्या म्हणतात. म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार का हो?" मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा. कोणाला औषध लिहून देण्याचा मला अधिकार नाही, आणि चाचणीत जावे की जाऊ नये हेही मी सांगत नाही. परंतु प्रायोगिक औषधाचा पहिला डोस कसा ठरतो, तो देताना कोणाला काय ठाऊक असते आणि काय नसते, हे मी जवळून पाहिले आहे. तेवढे या लेखात सांगतो.

हॅरोत राहणाऱ्यांच्या मनात या विषयाची धास्ती आहे, आणि ती उगीच नाही. १३ मार्च २००६ रोजी आपल्या वेशीवरच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या इमारतीत चालणाऱ्या एका खासगी चाचणी-केंद्रात आठ धडधाकट तरुणांना शिरेतून एक औषध देण्यात आले. म्हणजे सहा जणांना टीजीएन १४१२ नावाचे नवे औषध आणि दोघांना नुसते निरुपद्रवी द्रावण. प्रत्येकाला दोन हजार पौंड मिळायचे होते. औषध टेजेनेरो या जर्मन कंपनीचे. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर आणि संधिवातावर ते चालेल अशी आशा होती. तासा-दीड तासात त्या सहा जणांची डोकी ठणकू लागली, पाठीत कळा आल्या, थंडी वाजून ताप भरला आणि पुढे रक्तदाब कोसळला. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सगळे वाचले, पण एकाच्या पायाची बोटे आणि हाताच्या बोटांची टोके गेली. द्रावण मिळालेल्या दोघांना काहीही झाले नाही.

आता गंमत अशी (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) की डोस अंदाजपंचे दिलेला नव्हता. माकडांना जो डोस बाधला नव्हता त्याचा पाचशेवा भाग माणसांना दिला होता. मग झाले काय? आपल्या रक्तातल्या टी-पेशींवर सीडी २८ नावाची एक कळ असते. ती दाबली की पेशी लढाईला उठते. हे औषध नेमकी तीच कळ दाबत असे. माणसाच्या ज्या जुन्या, अनुभवी टी-पेशींवर ही कळ असते, त्याच जातीच्या पेशींवर त्या माकडांत ती नसते. त्यामुळे माकडे स्वस्थ बसली आणि माणसांच्या शरीरात मात्र सगळी फौज एकदम शस्त्रे घेऊन उठली. दुसरी गोष्ट याहून साधी. सहा जणांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने औषध दिले गेले. पहिल्याला काय होते ते कळायच्या आत शेवटच्याच्या शिरेत औषध गेलेले होते.

सरकारने प्राध्यापक गॉर्डन डफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डिसेंबर २००६ मध्ये तिने २२ शिफारशी केल्या. तेव्हापासून अशा औषधांच्या बाबतीत आधी एकालाच डोस देतात, थांबतात, आणि मगच पुढच्याला देतात. शिवाय पहिला डोस ठरवण्याची रीतही बदलली. स्वयंपाकघरातले उदाहरण देतो. पूर्वी विचारत, आमटी खारट होईपर्यंत किती मीठ पडेल? मग त्याच्या कितीतरी कमी घालत. आता विचारतात, मिठाची चव जेमतेम लागायला किती पुरेल? आणि तिथून सुरुवात करतात.

कर्करोगाच्या बहुतेक औषधांची गोष्ट मात्र आणखी वेगळी आहे. केमोथेरपीची औषधे पेशी मारणारी. ती धडधाकट माणसाला देणे योग्य नाही, म्हणून त्यांची पहिली चाचणी रुग्णांवरच होते, आणि बहुधा अशा रुग्णांवर की ज्यांचे नेहमीचे उपचार संपले आहेत. त्यांना याचे पैसे मिळत नाहीत. जुनी रीत अशी की तीन रुग्णांना अगदी कमी डोस द्यायचा. निभावले तर पुढच्या तिघांना थोडा वाढवून. एकाला जास्त त्रास झाला तर त्याच डोसावर आणखी तिघे. दोघांना झाला तर वाढवणे बंद. म्हणजे या पहिल्या टप्प्याचा प्रश्न 'औषधाने बरे वाटते का?' हा नसतोच. 'शरीराला किती सोसते?' एवढाच असतो. आपल्या घरांमध्ये नेमका इथे घोटाळा होतो. 'नवीन औषध' म्हटले की आपल्याला 'जास्त चांगले औषध' ऐकू येते.

माझे स्वतःचे काम रक्तातले औषध मोजण्याचे. परळच्या प्रयोगशाळेत शिकून मी १९८२ साली इकडे आलो. कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची, भारतातली पहिली प्रयोगशाळा उभी केली होती. पेशींशी ओळख तिकडे झाली आणि माणसांशी इकडे, तीही नळ्यांमधून. औषध दिल्यावर पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी, मध्यरात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी असे रक्त काढायचे. त्या नळ्या बर्फात ठेवून आमच्याकडे यायच्या. नळीवर नाव नसे, नंबर असे. नंबर नऊच्या नळ्या एकदा दुसऱ्या आठवड्यात आल्याच नाहीत. मी कोणाला विचारले नाही. आलेखावर त्यांची ओळ तिथेच थांबलेली आहे.

हे मोजणे कशाला, तर त्याचा एक ठसठशीत दाखला देतो. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमपासून केलेले औषध. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतूंची विभागणी थांबली, पण कारण वीज नसून प्लॅटिनमच्या विद्युताग्रातून सुटलेले संयुग निघाले! १९७८ साली त्याला अमेरिकेत परवाना मिळाला. औषध गुणकारी, पण मूत्रपिंडे बिघडवणारे, आणि उलट्या तर विचारू नका. मग लंडनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च, रॉयल मार्सडेन हॉस्पिटल आणि जॉन्सन मॅथी ही धातूंची कंपनी यांनी मिळून त्याचे सौम्य भावंड शोधले. त्याचे नाव कार्बोप्लॅटिन. १९८१ मध्ये ते पहिल्या रुग्णांना दिले गेले, १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये परवाना मिळाला. पुढे १९८९ मध्ये हिलरी कॅलव्हर्ट आणि सहकाऱ्यांनी त्याचे गणित मांडले. हे औषध बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते तो आकडा घ्यायचा, त्यात २५ मिळवायचे आणि ठरवलेल्या लक्ष्यांकाने गुणायचे. लक्ष्यांक ५ असेल आणि मूत्रपिंड १०० गाळत असेल तर १२५ गुणिले ५, म्हणजे ६२५ मिलिग्रॅम. मूत्रपिंड ५० च गाळत असेल तर ७५ गुणिले ५, म्हणजे ३७५ मिलिग्रॅम. दोघांची उंची आणि वजन अगदी सारखे असले तरी! आपल्या समाजात मधुमेह आणि त्यामागून येणारे मूत्रपिंडाचे दुखणे किती घरांत आहे ते मी सांगायला नको. चाचणीआधी इतक्या रक्त-लघवीच्या तपासण्या का करतात, असा वैताग ज्यांना येतो त्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

प्रत्येक औषधाचे नशीब कार्बोप्लॅटिनसारखे नसते. मेट्रोपॉलिटन लाइनने नॉर्थवुडला गेले की माउंट व्हर्नन हॉस्पिटल लागते. तिथे कॉम्ब्रेटास्टॅटिनची पहिल्या टप्प्याची एक चाचणी झाली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतून आलेले हे औषध गाठीचा रक्तपुरवठा तोडते. उंदरांत उत्तम, कल्पना सुरेख. पुढे वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या, परवाना काही मिळाला नाही. पहिल्या टप्प्यात शिरलेल्या कर्करोगाच्या शंभर औषधांपैकी साधारण पाचच दुकानापर्यंत पोचतात. रुग्णांच्या बाजूने पाहायचे तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९१ ते २००२ या काळात चालवलेल्या पहिल्या टप्प्याच्या ४६० चाचण्यांचा हिशेब २००५ मध्ये छापून आला. जवळजवळ बारा हजार रुग्ण. शंभरातल्या अकरांच्या गाठी बऱ्यापैकी लहान झाल्या किंवा नाहीशा झाल्या, आणि दोनशेत एक जण औषधानेच दगावला. अलीकडच्या, नेमकी पेशी हेरणाऱ्या औषधांचे आकडे यापेक्षा बरे आहेत, पण सही करताना हे मनात असावे.

तिसऱ्या टप्प्याची चाचणी निराळी. तिथे डोस ठरलेला असतो आणि कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. "आमच्या वाट्याला जुनेच आले" म्हणून पुष्कळांना फसल्यासारखे वाटते. अशी चाचणी काय करू शकते याचे आपल्याकडचे उदाहरण आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी भारतातल्या अकरा केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाच्या सोळाशे स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन टोचले. तेच, दाताचे डॉक्टर बधिर करायला वापरतात ते. निम्म्यांना टोचले नाही. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी टोचलेल्यांपैकी शंभरात ९० जणी हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६. औषध जुने, खर्च किरकोळ. न टोचलेल्या आठशे जणी नसत्या तर हा फरक कधीच कळला नसता.

आता घरातली गोष्ट. केंटनमधल्या एका कुटुंबातल्या आजोबांना पहिल्या टप्प्याच्या चाचणीविषयी विचारले गेले. मुलगा दुभाषा. त्याने डॉक्टरांना सांगितले, "बाबांना सगळे ठाऊक आहे," आणि बाबांना सांगितले, "ताकदीची इंजेक्शने आहेत." आईच्या आग्रहावरून मी माहितीपत्रक वाचून दाखवायला गेलो. आजोबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मला याचा उपयोग होईलच असे नाही, पण पुढच्याला डोस कळेल." मी म्हटले, "बरोबर." "आणि मंगळवारी पूर्ण दिवस तिथे?" "हो." त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि नकार दिला. उरलेले मंगळवार त्यांना नातीबरोबर हवे होते. मुलगा माझ्यावर काही दिवस रागावलेला होता. पण सही ज्याची, माहिती त्याला, हा इथला नियम आहे आणि माझ्या मते तो योग्य आहे. मुलांनी दुभाष्याचे ओझे घेऊच नये. हॉस्पिटलकडे मराठी दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडत नाही.

आणखी एक आपले वैशिष्ट्य म्हणजे डब्यातली चूर्णे. नर्स विचारते, दुसरे काही औषध घेता का? आपण म्हणतो, नाही. चूर्ण, काढा, गावाकडच्या वैद्यांची पुडी यांना आपण औषध मानतच नाही! यकृतातली जी विकरे प्रायोगिक औषध मोडतात त्यांच्यावर यातल्या काहींचा परिणाम होतो. पपनस आणि ग्रेपफ्रूटचाही होतो. काही भस्मांत आणि चूर्णांत शिसे-पारा सापडल्याचे इशारे इथल्या औषध नियामक संस्थेने दिलेले आहेत. भाजीतल्या हळदीला कोणी हरकत घेत नाही, हळदीच्या कॅप्सूलचे मात्र सांगावे. तेव्हा डबेच पिशवीत घालून घेऊन जा.

खर्चाबद्दल थोडे. प्रायोगिक औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाला द्यावे लागत नाहीत. बहुतेक चाचण्यांत प्रवासखर्च मिळतो, मात्र तो आधी विचारून घ्यावा आणि तिकिटे, पार्किंगच्या पावत्या जपून ठेवाव्यात. इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या रुग्णांना १ एप्रिल २००९ पासून प्रिस्क्रिप्शनचे शुल्क माफ आहे. पण ते आपोआप होत नाही, जीपीकडून अर्ज भरून प्रमाणपत्र घ्यावे लागते. चाचणी चालू असताना लग्नकार्यासाठी भारतात जायचे असेल तर तिकीट काढण्याआधी चाचणीच्या नर्सला सांगा, कारण रक्त देण्याचे दिवस हलवता येतीलच असे नाही. प्रवास विमा घेताना आजार आणि चाचणी दोन्ही लेखी कळवा. न कळवल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलचे बिल घरच्यांच्या अंगावर येते. चाचणीचे जे छोटे कार्ड मिळते, ज्यावर औषधाचे नाव आणि चोवीस तासांचा फोन नंबर असतो, ते पासपोर्टबरोबर ठेवा आणि त्याची एक प्रत ज्यांच्याकडे उतरणार त्यांना देऊन ठेवा.