आधी साचे, मग फर्निचर

अगं, मशिनं घ्यायची घाई करू नकोस. गॅलरीतल्या सुतारकामाला करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या एवढं पुरे. पहिल्या सुट्टीत उरल्यासुरल्या प्लायचे साचे करून ठेव. हात बसायला वर्षं लागतात, साचा एका दुपारी होतो.

त्याआधी गुण्या तपास. प्लायच्या सरळ कडेला तो टेकवून रेघ मार, मग उलटा करून त्याच खुणेतून दुसरी मार. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. तसा असेल तर बदलून आण. गुण्यातली चूक साच्यात उतरते आणि साच्यातली प्रत्येक नगात.

कापायचा पाट: 12 मिमी प्लायचा साधारण 10 बाय 8 इंचाचा तुकडा घे. तुझ्याकडच्या कडेला खालून एक पट्टी लाव, ती टेबलाला अडकते. पलीकडच्या कडेला वरून दुसरी लाव, तिला लाकूड टेकवायचं. वरची पट्टी उजवीकडे इंचभर तोकडी ठेव, म्हणजे करवत पार गेली तरी टेबल वाचतं. पट्ट्या फेविकॉलने चिकटव. करवतीच्या वाटेत खिळा आला की दाते गेलेच.

रंध्याचा पाट: रुंद फळीवर थोडी अरुंद फळी चिकटव. उजवीकडे जी पायरी उरते तिच्यावर रंधा आडवा पाडून चालवायचा. वरच्या फळीवर काटकोनात आडपट्टी हवी आणि तिचं टोक रंध्याला अगदी भिडलेलं हवं. लाकडाचं टोक रंधताना मागच्या कडेची ढलपी उडते, ती ही पट्टी थोपवते. पट्टीचा एक स्क्रू घट्ट बसव आणि दुसऱ्याचं भोक जरा सैल ठेव, म्हणजे कोन जुळवता येतो.

अडवा ठोकळा: स्टुलाचे चार पाय चारदा मोजू नकोस. एकदाच माप घेऊन कापायच्या पाटावर ठोकळा आवळ आणि चारही त्याला टेकवून काप. त्यासाठी कापायचा पाट पायाच्या मापापुरता लांब हवा. ठोकळ्याची खालची धार घासून टाक. तिथे भुसा साठला की पुढचा नग केसभर आखूड येतो.

गोल करवतीची वाट: हातातलं मशिन घेतलंस तर हा साचा लागेलच. 6 मिमी प्लायच्या पट्ट्यावर जाडसर सरळ पट्टी चिकटव आणि मशिन तिला घासून एकदा चालव. पातं जादा प्लाय छाटतं. उरलेली कड हीच पात्याची वाट. पुढे ती कड रेघेवर ठेवायची, दोन क्लॅम्प आवळायचे, चष्मा लावायचा आणि मगच स्विच दाबायचा. पातं बदललं तर ही कड चालेलच असं नाही, म्हणून साच्यावर मशिनचं आणि पात्याचं नाव लिही.

साच्याला सागाची फळी वापरू नकोस. पावसाळ्यात ती रुंदीत फुगते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून ते फारसं हलत नाही. तरी जूनमध्ये कोन पुन्हा बघावा.

बाजारात ॲल्युमिनियमचे तयार साचे मिळतात. ते घ्यायचेच असतील तर वर्षभराने घे. कोणत्यावर पैसे घालायचे, हे तोवर तुझं तुलाच कळेल.