एकाचा खर्च, दुसऱ्याचे उत्पन्न
(द्वितीय वर्ष, कला)

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आमच्या घरी रोज एकदा तरी ऐकू येते. आई-वडिलांनी याच सूत्रावर संसार केला आणि घरातून पहिल्यांदा कुणाला कॉलेजात पाठवले. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला 'सर्वांनी एकाच वेळी काटकसर केली तर देश गरीब होऊ शकतो' हे विधान ऐकले, तेव्हा ते मला मुळीच पटले नाही. घराच्या हिताचे ते देशाच्या अहिताचे कसे? या प्रश्नाच्या मागे जाताना समग्रलक्षी अर्थशास्त्रातील काही मूलभूत संकल्पना मला जशा उमगल्या, तशा येथे मांडत आहे.

पुस्तकात सापडलेले उत्तर त्यापूर्वीच आमच्या वाडीत घडून गेले होते. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. माझे वडील कर्जत परिसरातील बांधकामांवर गवंड्याच्या हाताखाली काम करतात. ते काम थांबले. आईने तेल निम्म्यावर आणले, चहा एक वेळचा केला. शेजारच्या घरांनीही तेच केले. प्रत्येक घराचे वागणे शहाणपणाचेच होते. पण वाडीतल्या दुकानदाराची विक्री घटली आणि त्याने हाताखालच्या मुलाला घरी बसवले. तो मुलगा म्हणजे माझा चुलत भाऊ. आम्ही वाचवलेला रुपया काकांच्या घरातून कमी झाला होता.

विषयाचे मर्म येथेच आहे. एका कुटुंबाचा किंवा एका दुकानाचा विचार अंशलक्षी अर्थशास्त्र करते. देशाचे एकूण उत्पन्न, रोजगार आणि भावपातळी यांचा एकत्रित विचार समग्रलक्षी अर्थशास्त्र करते. कुटुंबे, उद्योग, सरकार आणि परदेशी ग्राहक यांचा आपल्या वस्तूंवरील व सेवांवरील खर्च मिळून एकूण मागणी होते. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असल्यामुळे सर्वांनी एकदम पाय आखडले, तर अंथरूणच आखूड होते.

हे अंथरूण मोजण्याचे माप म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन. वर्षभरात देशाच्या हद्दीत निर्माण झालेल्या अंतिम वस्तू व सेवांचे मूल्य त्यात येते. माप उपयोगी आहे, पण अपुरे आहे. आम्ही पिकवून घरीच खाल्लेल्या भाताची अंदाजी किंमत त्यात धरली जाते; तो रांधणाऱ्या आईचे श्रम मात्र धरले जात नाहीत.

मग सर्वच हात आखडतात तेव्हा खर्च कोणी करावा? १९२९ च्या महामंदीनंतर जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे विवेचन केले. मंदीत सरकारने खर्च वाढवून मागणी टिकवावी, हा त्याच्या विचारांतून निघालेला मार्ग. सरकारच्या कर व खर्चविषयक धोरणास राजकोषीय धोरण म्हणतात.

याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात शेत पिकले नाही, म्हणून मजुरी बुडाली. आणि मजुरी बुडाली की बाजारात धान्य असूनही ते घेण्याची ऐपत उरत नाही. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यामुळे काम मागणे हा ग्रामीण मजुराचा हक्क ठरला. २००५ मध्ये केंद्राने वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला.

"पण सरकारला एवढे पैसे येतात कुठून?" असे आईने विचारले. महाराष्ट्राने त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेली ही रक्कम खेड्यातल्या मजुराच्या हाती जाऊ लागली.

ती तेथेच थांबत नाही. समजा, मजुराला १०० रुपये मिळाले आणि त्याने ८० खर्च केले. ते दुकानदाराचे उत्पन्न झाले. त्याने ६४ खर्च केले, पुढच्याने ५१. अशी बेरीज करत गेल्यास एकूण उत्पन्न ५०० रुपयांनी वाढते. यास गुणक म्हणतात. परंतु तेल, साबण, कापड आपल्या तालुक्यात बनत नाही. प्रत्येक फेरीत १०० पैकी ५० रुपयेच तालुक्यात फिरले, तर तालुक्याची वाढ २०० रुपयांवर थांबते. या गळतीमुळे नुसत्या मजुरीने गाव सुधारत नाही. गावात काही निर्माणही व्हावे लागते.

दुसरी मर्यादा भाववाढीची. हाती पैसा वाढला, पण माल वाढला नाही, तर किंमती चढतात. तेव्हा रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवून मागणीला आवर घालते. हे चलनविषयक धोरण होय. २०१६ पासून महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट तिच्यापुढे आहे. मात्र खर्चातून उत्पादक कामे उभी राहिली, तर मागणीबरोबर पुरवठाही वाढतो. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाल्याने जेथे पोहोचते, तेथे उन्हाळी भात होतो. जेथे पाणी नाही, तेथे कापणीनंतर शेत आणि माणूस दोघेही रिकामे.

म्हणूनच दिवाळीनंतर आपल्या भागातील कितीतरी कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते. अशा वेळी हमीचे काम नेमके केव्हा निघते, याला महत्त्व येते. ते दिवाळीपूर्वी निघाले नाही, तर उचल आधी हाती पडते आणि कायदा कागदावर राहतो.

आईची म्हण मी खोटी मानत नाही. घरासाठी ती आजही खरी आहे. पण देशाचे अंथरूण सर्वांनी मिळून विणायचे असते, आणि ज्याच्या हाताला काम नाही त्याला विणण्याच्या कामाला लावणे, हाच माझ्या समजुतीप्रमाणे आर्थिक धोरणाचा खरा हेतू आहे.