गतीचें गणित आणि दुकानदाराचा व्हिडिओ

हिंदुस्थानांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें, तेव्हां तें टेलिफोनच्या तारेनें येत असे. पुढें मोडेमची कमाल गति सेकंदास ५६ किलोबिट झाली. एका बाइटांत आठ बिट धरून विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: सहा मेगाबाइटांचा, म्हणजे ४८,००० किलोबिटांचा, व्हिडिओ उतरण्यास चौदा मिनिटांहून अधिक वेळ लागे. इतका वेळ कोणतें गिऱ्हाईक दारांत तिष्ठेल? म्हणून व्यापाऱ्यांच्या संकेतस्थळांवर मजकूर व एखादें चित्र एवढेंच असे. सेकंदास आठ मेगाबिट गति असल्यास तोच व्हिडिओ सहा सेकंदांत येतो. २०१६ नंतर मोबाइलचें जलद इंटरनेट स्वस्त झालें, आणि आतां येवल्याचा विणकर पैठणीचा पदर मागावर कसा विणला जातो हें दूरच्या गिऱ्हाइकास दाखवूं शकतो. हें आम्हांस मनापासून आवडतें.

परंतु कित्येक दुकानदार किंमत, माप व पत्ताही व्हिडिओंतच बोलून मोकळे होतात, हें आम्हांस रुचत नाहीं. डोंगरांतल्या कित्येक गांवीं गति अजून मंद आहे. तेथील मनुष्यास फिरणारें चक्र तेवढें दिसतें. बहिऱ्या मनुष्यास तर गतीचाही उपयोग नाहीं. हीच माहिती चार ओळींत लिहून ठेवली, तर ती जुन्या तारेनेंही क्षणांत पोहोंचते.