आधी कल ओळखा, मग धंदा निवडा

मुलगा बारावी झाला की त्याला दुकानावर बसवावे की एखाद्या कोर्सला घालावे, असा प्रश्न घरात उभा राहतो. मुलाला स्वतःला काय आवडते, हे विचारायचे मात्र राहून जाते. हे जाणून घेण्यासाठी इंटरनेटवर मोफत चाचण्या आहेत. अमेरिकेच्या कामगार खात्याची 'ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर' ही त्यांपैकी एक.

चाचणीत ६० कामे दिली आहेत. स्वयंपाकघरातील कपाटे बनविणे, विटा किंवा फरशी बसविणे, अशी. प्रत्येक काम किती आवडेल, हे पाच उत्तरांतून निवडायचे. त्या वेळी कमाई व शिक्षण यांचा विचार करायचा नाही. शेवटी सहा कलांचे गुण मिळतात : हातकाम, शोध-अभ्यास, कला, लोकांना मदत, व्यापार-पुढाकार आणि हिशेब-व्यवस्था. ही विभागणी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१) चाचणी आवड सांगते, कौशल्य नव्हे.

२) प्रश्न इंग्रजीत आहेत. अर्थ समजावून सांगा, पण उत्तर मुलालाच देऊ द्या. बापाने उत्तरे दिली तर कल बापाचा निघेल.

३) सुचविलेली कामे अमेरिकेतील आहेत. आपल्या गावात त्यांना मागणी किती, मजुरी किती, याची चौकशी आपणच करावी.

ज्या दोन कलांना जास्त गुण मिळाले, त्यांतील एखाद्या कामावर मुलाला महिनाभर जाणत्या कारागिराच्या हाताखाली ठेवा. फी त्यानंतरच भरा. वडिलांचा धंदा त्याला खरोखर आवडत असेल, तर तेही याच वाटेने कळेल.